पितरांचे काय? : वर्धा परिसरातील ख्रिस्ती परलोककल्पनेचा एक मागोवा

दिवाळी हा उजेडाचा आणि फराळाचा सण. तरी तिच्या चार-पाच दिवसांत मृत्यूचा देव तीनदा तरी घराकडे फिरकतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्याच्यासाठी दक्षिणेकडे वात करून दिवा लावतात. दुसऱ्या दिवसाच्या नावातच नरक आहे आणि त्या दिवशी यमतर्पण सांगितलेले आहे. भाऊबिजेचे पोथीतले नाव तर यमद्वितीया. पुष्कळ वर्षी याच दिवसांच्या मागेपुढे २ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी कॅथलिक कुटुंबे कब्रस्तानात जातात, कबरी झाडतात, फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. एकाच पंधरवड्यात एकाच गावातली दोन घरे आपापल्या मृतांसाठी दिवा लावतात. मात्र ते मृत कुठे आहेत, याविषयी दोन्ही घरांचे म्हणणे अगदी निराळे असते.

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा विद्यार्थीही नाही. वर्धा-नागपूर पट्ट्यातील जुन्या शब्दांच्या मागे लागण्याची सवय मात्र बरीच वर्षे आहे. मिशनच्या मराठीतले शब्द टिपत असताना एक प्रश्न सारखा समोर येत राहिला. जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींशी बोलताना तो निघतो आणि बहुधा हलक्या आवाजात निघतो. घरातल्या ज्या पिढीने पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला, तिच्या आधीच्या पिढीचे काय झाले? ज्या आजीने जन्मात येशूचे नाव ऐकले नव्हते, ती आता कुठे आहे? या लेखात या प्रश्नाचा इतिहास मांडायचा आहे. उत्तर देणे माझे काम नाही. पण उत्तरे कशी बदलत गेली हे सांगता येते.

*

आधी शब्द पाहू, कारण घोटाळ्याची सुरुवात तिथेच आहे.

हिब्रू शास्त्रात मृतांच्या जागेला ‘शेओल’ म्हणतात. जमिनीखालचा, अंधारा, निःशब्द प्रदेश. चांगले-वाईट, राजे-गुलाम सगळे तिथेच जातात. सुरुवातीच्या काळात या कल्पनेत ना शिक्षा आहे ना बक्षीस. मेलेले पुन्हा उठतील आणि त्यांचा निवाडा होईल हा विचार हिब्रू शास्त्रात स्पष्टपणे येतो तो दानीएलाच्या पुस्तकात, म्हणजे अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा शेओलसाठी ग्रीकांच्या पाताळाचे नाव आले : ‘हेडीस’. याशिवाय येशूच्या बोलण्यात ‘गेहेन्ना’ हा तिसरा शब्द येतो. तो मुळात यरुशलेमेच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या दरीचे नाव. आणि ‘पॅराडाइज’ हा चौथा. तो इराणी भाषेतून आलेला, मूळ अर्थ भिंत घातलेली बाग.

मराठी ‘पवित्र शास्त्रा’त पहिल्या दोघांसाठी ‘अधोलोक’, तिसऱ्यासाठी ‘नरक’ आणि चौथ्यासाठी ‘सुखलोक’ असे शब्द आहेत. निवड विचारपूर्वक केलेली आहे; शेओल आणि नरक वेगळे ठेवले आहेत. पण शब्द कोरे नसतात. पुराणांतले अधोलोक म्हणजे अतल-वितलापासून पाताळापर्यंतचे सात लोक. तिथे नाग-दानव राहतात, मेलेली माणसे नव्हेत. विष्णुपुराणातला नारद तर पाताळ स्वर्गाहून सुंदर आहे असे सांगतो. ‘नरक’ शब्दाची अडचण त्याहून मोठी. मनुस्मृतीत एकवीस नरक मोजले आहेत, भागवतात अठ्ठावीस. यातना भयंकर आहेत. परंतु पाप भोगून संपले की जीव तिथून सुटतो आणि पुन्हा जन्माला येतो. स्वर्गाचेही तसेच, पुण्य सरले की परत. म्हणजे मराठी कानाला नरक ही मुदतीची जागा होती. मिशनऱ्याला सांगायचे होते की ही जागा कायमची आहे. त्यामुळे मिशनच्या मराठीत ‘सार्वकालिक’ हे विशेषण जिथे तिथे भेटते. एका शब्दाचा जुना अर्थ दाबून धरायला दुसरा शब्द सतत पहाऱ्यावर ठेवावा लागला.

सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्याकडे निराळा मार्ग घेतला गेला. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला बेधडक ‘वैकुंठ’ म्हटले आहे. कोंकणी ख्रिस्ती बोलीत नरकाला आजही ‘यमकोंड’ म्हणतात. यमाचा बाप्तिस्मा झाला नाही, पण त्याचे कुंड ख्रिस्ती झाले. याच्या उलट टोकाला पंडिता रमाबाई. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला बसून त्यांनी एकहाती बायबलाचे मराठी भाषांतर केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होण्यापूर्वी ते काम संपवत आणले. हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे शब्द शक्यतो टाळायचे आणि साध्या बायामाणसांना कळेल असे लिहायचे, हा त्यांचा आग्रह होता. स्टीफन्सना ओळखीच्या शब्दांतून वाट काढायची होती. रमाबाईंना त्याच शब्दांचे ओझे ठाऊक होते. परलोकाविषयी मराठीत बोलणारा प्रत्येक ख्रिस्ती माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो.

*

आता वर्धा परिसराकडे येऊ. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. मध्य प्रांताच्या या भागात प्रोटेस्टंट मिशनचे मुख्य काम स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, पुढल्या वर्षी त्यांनी शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे याच मिशनचे ठाणे आणि दवाखाना वर्ध्यातही झाला.

हे स्कॉटिश मिशनरी परलोकाविषयी काय मानत होते हे अंदाजाने सांगावे लागत नाही. ते त्यांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात कलमवार लिहिलेले आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर तयार झालेल्या या दस्तऐवजाप्रमाणे देह मातीत जातो आणि आत्मा तत्क्षणी देवाकडे परत जातो. नीतिमानांचे आत्मे स्वर्गात, दुष्टांचे नरकात, आणि दोघेही अखेरच्या निवाड्याची वाट पाहतात. या दोन जागांखेरीज तिसरी जागा शास्त्रात नाही. आणि मृतांसाठी प्रार्थना करायची नाही.

हे शेवटचे कलम वर्ध्याच्या मातीत काय करत असेल याचा विचार करावा. इथला शेतकरी पितृपक्षात पान वाढणारा. अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरणारा. त्याच्या दृष्टीने मेलेले माणूस संपत नाही. त्याला पाणी लागते, जेवण लागते, आणि ते देण्याचे काम मागे राहिलेल्याचे. संबंध चालू असतो. मिशनरी सांगत होता की स्वर्ग कुठे आणि नरक कुठे हा पुढचा मुद्दा, आधी हे समज की तुझ्या हातात आता काही नाही. माणूस गेला की हिशोब मिटला.

शिवाय धर्मांतर करणाऱ्याला दुसऱ्या बाजूनेही मरण होते. धर्मशास्त्रात पतितासाठी ‘घटस्फोट’ नावाचा विधी आहे. आज हा शब्द आपण काडीमोडासाठी वापरतो; मूळ विधीत जातीबाहेर गेलेल्या जिवंत माणसाच्या नावाने पाण्याने भरलेला घडा पालथा करून, तो मेला असे समजून त्याचे और्ध्वदेहिक केले जाई. पिंड देण्याचा अधिकार आणि वारसाहक्क हे हिंदू कायद्यात एकमेकांत गुंतलेले. पिंड देणारा तो वारस. धर्म सोडणाऱ्याचा वारसा बुडू नये म्हणून कंपनी सरकारला १८५० चा एकविसावा कायदा करावा लागला. त्या कायद्याने जमीन वाचली. पिंडाचे काय, हे कोणताही कायदा ठरवू शकत नव्हता. बाप्तिस्मा घेतलेला मुलगा घरच्यांच्या लेखी मेलेला, आणि मेलेले आईबाप नव्या धर्माच्या लेखी त्याच्या पोहोचेपलीकडचे. धर्मांतराच्या गोष्टींत आपण छळ, बहिष्कार, मालमत्ता यांविषयी वाचतो. मला वाटते, या दुहेरी तुटण्याची किंमत त्यांहून कमी नव्हती.

*

हिस्लॉप यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट या विषयात सांगितलीच पाहिजे. ते केवळ धर्मोपदेशक नव्हते. भूगर्भशास्त्र आणि आदिवासींच्या परंपरा हे त्यांचे दुसरे वेड. गोंडांची लिंगोची कथा त्यांनी टिपून घेतली. त्यांचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. त्यांचा मृत्यू झाला तो प्राचीन थडगी पाहून परतताना. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासह ते टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले. बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून येताना वाटेतला नाला भरून आला आणि ते बुडाले.

ही शिळावर्तुळे म्हणजे विदर्भातल्या लोहयुगीन माणसांची दफने. नागपूर जिल्ह्यात माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट. आपल्या वर्धा जिल्ह्यात खैरवाडा. मोठमोठे दगड गोल मांडलेले आणि आत मृतासोबत पुरलेली मडकी, लोखंडी हत्यारे. काही ठिकाणी घोड्यांचे अवशेष आणि त्यांचा साजही. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या या लोकांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, देव ठाऊक नाहीत. मेलेल्याला सोबत काहीतरी द्यायचे, एवढे मात्र त्यांनी दगडात लिहून ठेवले आहे. मृतांना काही देता येत नाही असे मानणाऱ्या पंथाचा एक विद्वान पाद्री आयुष्याच्या शेवटच्या दिवशी अशा कबरी पाहत होता. यातून काही सिद्ध होत नाही. परंतु ज्या प्रदेशात हा उपदेश चालला होता, त्याची सवय किती जुनी होती हे त्यावरून कळते.

*

कॅथलिक पंथाकडे या बाबतीत एक दार उघडे होते. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. कॅथलिक शिकवणीप्रमाणे स्वर्ग आणि नरक यांखेरीज शुद्धीची एक अवस्था आहे. देवाच्या कृपेत मेलेले, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेले आत्मे तिथून स्वर्गाकडे जातात, आणि जिवंतांच्या प्रार्थनांचा, मिस्साचा त्यांना उपयोग होतो. गोव्याकडे तिला ‘पुर्गातोर’ म्हणतात. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की मृतांसाठी प्रार्थना फार जुनी असली तरी ‘पुर्गातोरियम’ हे एका जागेचे नाव म्हणून बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. १२७४ ची लियोंची परिषद, १४३९ ची फ्लॉरेन्सची आणि १५६३ मध्ये त्रेंतची, अशा क्रमाने ही शिकवण पक्की होत गेली. २ नोव्हेंबरचा दिवस त्याहून जुना. तो क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी हजार सालाच्या आसपास सुरू केला.

याच शुद्धिस्थानाच्या नावाने पापक्षमापत्रे विकली गेली आणि १५१७ मध्ये ल्यूथर उभे राहिले. प्रोटेस्टंटांनी बाजार बंद करताना जागाच पुसून टाकली. मृतांसाठी प्रार्थनेचा शास्त्राधार म्हणून कॅथलिक ज्या मक्काबी ग्रंथाकडे बोट दाखवतात, तो प्रोटेस्टंटांच्या सहासष्ट पुस्तकांत नाही. म्हणून वर्ध्यातल्या दोन ख्रिस्ती घरांत बायबल उघडले तर एकात तो आधार सापडतो, दुसऱ्यात सापडत नाही.

गंमत अशी, की पुराणांतला मुदतीचा नरक हा ख्रिस्ती नरकापेक्षा पुर्गातोरलाच जवळचा आहे. यातना आहेत, पण शेवट आहे, आणि मागे राहिलेल्यांच्या कृतीने फरक पडतो. कॅथलिक झालेल्या माणसाला श्राद्धाच्या जागी मिस्सा मिळाली. दोन्हींमागचा सिद्धांत वेगळा आहे हे खरे. कॅथलिक विचारात पुनर्जन्म नाही आणि मिस्सा म्हणजे पिंडदान नव्हे. पण आईच्या नावाने काहीतरी करता येते, एवढे त्याच्याकडून हिरावले गेले नाही. मात्र बाप्तिस्म्याविना गेलेल्या आजीचा प्रश्न त्यानेही सुटत नव्हता, कारण पुर्गातोर हा कृपेत मेलेल्यांसाठी.

*

तो प्रश्न सुटायला सुरुवात झाली ती एडिंबरोत. १८९२ मध्ये फ्री चर्चने एक खुलासा-कायदा केला. तारण ख्रिस्ताद्वारेच आहे हे कायम ठेवून त्यात म्हटले होते की, बालपणी मरण पावलेले नाश पावतात असे मानणे बंधनकारक नाही. तसेच ज्यांच्यापर्यंत सुवार्तेची साधने पोहोचलीच नाहीत, त्यांच्यावर देव दया करणारच नाही असेही मानणे बंधनकारक नाही. भाषा वकिली आहे, नकारात नकार आहे. पण स्कॉटलंडमध्ये या ओळींचा अर्थ सगळ्यांना बरोबर कळला. कडव्या मंडळींना हा खुलासा इतका असह्य झाला की १८९३ मध्ये ते फुटून निघाले आणि त्यांनी वेगळे चर्च काढले. ज्या चर्चची माणसे आपल्याकडे दवाखाने चालवत होती, त्या चर्चने आपल्या आजीसाठी दार किंचित किलकिले केले होते.

कॅथलिक चर्चने हीच वाट १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे घेतली. स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांच्या ‘लिंबो’विषयी लिहिताना, त्यांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे असे सांगितले. देहाच्या बाबतीतही असेच. पुनरुत्थान म्हणजे देहासह उठणे, म्हणून दफन, ही जुनी रीत. कॅथलिकांना दहनाची मुभा १९६३ मध्ये मिळाली. मात्र रक्षा विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असे २०१६ मध्ये पुन्हा बजावले गेले.

*

मराठी ख्रिस्ती मन या निर्णयांची वाट पाहत थांबले होते असे मला वाटत नाही. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला, हे १८९३ मधले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढे ते सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ज्याने पूल बांधला तो पलीकडच्या काठाला पोहोचला नाही, असे मानणे अशा माणसाला शक्य नव्हते.

वर्ध्यात याच विचाराचे दुसरे रूप दिसते ते मगनवाडीत. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ मध्ये जन्मलेले जे. सी. कुमारप्पा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहण्यासाठी इथे राहिले. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या आचार-विचारांवर जे पुस्तक लिहिले त्याला गांधीजींची प्रस्तावना आहे. त्यात मेल्यानंतरच्या नकाशापेक्षा, भाकरी कशी मिळवावी आणि शेजाऱ्याशी कसे वागावे याला महत्त्व आहे. देवाचे राज्य म्हणजे इथल्या जगण्याची रीत. सेवाग्रामशी जोडलेले आणखी एक सूत्र : गांधीजींचे आवडते ‘लीड, काइंडली लाइट’ हे गीत. नरसिंहराव दिवेटिया यांनी ते गुजरातीत आणले आणि आश्रमाच्या भजनावलीत त्याला जागा मिळाली. ते जॉन हेन्री न्यूमन यांनी १८३३ मध्ये लिहिले. त्याच्या शेवटी, हरवलेली प्रिय माणसे रात्र संपल्यावर पुन्हा दिसतील अशी आशा आहे. याच न्यूमननी पुढे कॅथलिक झाल्यावर, १८६५ मध्ये, मरणानंतर शुद्धिस्थानाकडे जाणाऱ्या आत्म्यावर दीर्घ काव्य लिहिले. प्रार्थनेला बसणाऱ्या कुणाला हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. पण ख्रिस्ती परलोकातली पुनर्भेटीची आशा इथल्या सर्वधर्मीय प्रार्थनेपर्यंत अशी येऊन पोहोचली होती.

आज या भागातल्या ख्रिस्ती कबरींवर मराठीत ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ अशा धाटणीची अक्षरे दिसतात. कब्रस्तानासाठीचा इंग्रजी शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही अर्थ ‘झोपण्याची जागा’ असाच आहे. झोप या शब्दाची सोय अशी की तो कुठलीच जागा सांगत नाही. स्वर्ग नाही, नरक नाही, फक्त उठण्याची आशा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा मृतांसाठी प्रार्थना नाकारणारी प्रेस्बिटेरियन परंपरा आणि तिला जागा ठेवणारी अँग्लिकन परंपरा एका छपराखाली आल्या. त्याच्या फार आधीपासून प्रोटेस्टंट घरांत गेलेल्या माणसाच्या नावाने स्मरणाची उपासना होत होती. विचारले तर उत्तर ठरलेले असते : आम्ही त्यांच्यासाठी मागत नाही, त्यांच्याबद्दल आभार मानतो. कलम पाळले जाते आणि नातेही पाळले जाते.

आजीच्या प्रश्नावर मला सगळ्यात जुने उत्तर मात्र खुद्द ख्रिस्ती विश्वासांगीकारात सापडते. क्रुसावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या वेळात ख्रिस्त अधोलोकात उतरला, असे प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो; मेलेल्यांना तो तिथे जाऊन भेटला, असा त्याचा अर्थ जुन्या चर्चने घेतला. काही पंथ हे वाक्य गाळतात, काही त्याचा अर्थ बदलतात. पण ज्यांनी त्याच्या जन्माआधीच डोळे मिटले, त्यांच्याकडे तो आपण होऊन गेला, ही कल्पना पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती माणसांना सुचली, कारण त्यांच्याही घरी बाप्तिस्म्याविना गेलेल्या आज्या होत्या. हिंगणघाट-आर्वीकडच्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला पडलेला प्रश्न मागासलेला नव्हता, की हिंदू संस्काराचा अवशेषही नव्हता. तो त्या धर्माचाच सर्वांत जुना प्रश्न होता. त्याला तो हलक्या आवाजात विचारावा लागला, एवढेच.